ड्रॉइंगच्या मास्तरांचा लोखंडी नांगर

माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याच्या वाड्यात जा. गोठ्याच्या कडेला, चिंचेखाली नाहीतर विहिरीच्या काठावर एखादे गंजलेले लोखंड पडलेले दिसेल. कधी तो नांगर असतो, कधी कडबा तोडायच्या यंत्राचे चाक, तर कधी एके काळी फट्-फट् करीत विहिरीचे पाणी पाटात आणून टाकणारे इंजिन. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची किंमत विचारली तर तो भंगाराचा भाव सांगत नाही. कोणत्या साली आणले, कुणाच्या गाडीतून आले आणि त्या वर्षी रान कसे पिकले, हेच सांगत बसतो. त्या लोखंडावर पुष्कळदा एक नाव ओतलेले असते : किर्लोस्कर.

हे नाव आपल्याकडे इतके रुळले, की ते एका माणसाचे आहे हेच आपण विसरून गेलो. नातेपुते-वेलापूरच्या बाजाराच्या दिवशी ‘किर्लोस्कर’ म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहायचे. ते नाव ज्यांनी मोठे केले, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर मुळात कारखानदार नव्हते. ते मुंबईत ड्रॉइंगचे मास्तर होते.

आज त्यांची आठवण काढायला एक घरगुती कारणही आहे. अकलूज, माळशिरस, नातेपुत्याची मुले आता संगणक शिकून पुण्या-बंगळूरला जातात. चांगल्या पगारावर लागतात. मग एखाद्या दिवाळीला घरी आलेला मुलगा हळूच सांगतो, की नोकरी सोडून मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढणार आहे. घरात शांतता पसरते. आई देवाकडे बघते, वडील चष्मा पुसू लागतात. शिकलेल्या, शिकवणाऱ्या माणसाने बांधलेला पगार सोडून धंद्यात उडी घ्यावी का, हा प्रश्न संगणकाबरोबर आला असे आपल्याला वाटते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मराठी घरात उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधताना त्या घराला काय काय सोसावे लागले, ते पाहण्यासारखे आहे.

रंग ओळखू न येणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने शाळेत पहिला नंबर काढावा, पुढे वकील किंवा मामलेदार व्हावे, ही त्या काळची रीत. लक्ष्मणाचे मन मात्र पुस्तकात रमेना. त्याला चित्रे काढायची असत आणि मोडकी वस्तू दिसली की ती उघडून आत काय आहे ते पाहायचे असे.

१८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्याचा हट्ट त्याने धरला. घरातून फारसा उत्साह नव्हता. थोरले भाऊ रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले म्हणून ते जमले. पुढच्या सगळ्या कथेत हे थोरले भाऊ पुन:पुन्हा येतील. लक्ष्मणरावांनी उडी मारायची आणि रामूअण्णांनी खाली उभे राहून झेलायचे, अशी जणू त्या दोघांची वाटणीच ठरलेली होती.

दोन वर्षे चित्रकला झाली आणि नियतीने पहिला तडाखा दिला. या मुलाला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत, असे ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? दुसरा एखादा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले, रेषा ठेवली. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत, अचूक माप लागते. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि त्यात इतके तयार झाले, की १८८७ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

फळ्यावरचे यंत्र आणि खरे यंत्र

वर्गात फळ्यावर यंत्राचा छेद काढायचा आणि मुलांना समजावून द्यायचा, एवढेच त्यांचे काम. पण कागदावरचे चाक फिरत नाही, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. इन्स्टिट्यूटची यंत्रशाळा जवळच होती. मास्तर फावल्या वेळात तिथे जाऊ लागले. वाफेचे इंजिन कसे चालते, लेथवर लोखंड कसे कापतात, साचा कसा घालतात, हे ते हाताने शिकले. परदेशी यांत्रिक मासिके वाचू लागले. ज्या काळात पांढरपेशा माणसाने हाताला तेल लागू देणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळात एक शिक्षक संध्याकाळी काळे हात घेऊन घरी येत होता.

पैशाची जोड म्हणून त्यांनी एक लहानसा व्यापारही सुरू केला होता. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या. सायकल तेव्हा साहेबाचे नाहीतर संस्थानिकाचे वाहन. रामूअण्णा ती विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या सायकलींच्या धंद्यातून आले, आणि पुढे या उद्योगाने १८८८ हेच आपल्या आरंभाचे वर्ष मानले.

व्हीजेटीआयमध्ये दिवस बरे चालले होते. मग बढतीची वेळ आली. ज्या जागेवर लक्ष्मणरावांचा हक्क होता, ती एका युरेशियन गृहस्थाला देण्यात आली. तो काळच असा होता, की कातडीचा रंग आधी पाहिला जाई आणि काम नंतर. लक्ष्मणरावांनी अर्जविनंत्या केल्या नाहीत. राजीनामा दिला, सामान बांधले आणि बेळगाव गाठले.

या ठिकाणी क्षणभर थांबून त्यांच्या घरच्यांचा विचार करावा. पगार बंद. हाताशी एक सायकलचे दुकान. पत्नी राधाबाई संसार सांभाळणाऱ्या. मुंबईची प्रतिष्ठेची नोकरी सोडून मास्तर बेळगावात सायकली दुरुस्त करतात, हे नातेवाइकांत कसे बोलले गेले असेल, ते वेगळे सांगायला नको.

कडबा आणि नांगर

सायकलींवर संसार चालला असता, पण लक्ष्मणरावांना विकायचे नव्हते, घडवायचे होते. पवनचक्क्या बसवून देण्यासारखी कामे करता करता त्यांनी आजूबाजूला नीट पाहिले. इथे बहुतेक माणसे शेती करतात. शेतकऱ्याची अवजारे शेकडो वर्षांत बदललेली नाहीत. मग यंत्र करायचे ते शेतकऱ्यासाठीच का करू नये? हा विचार आज साधा वाटतो. त्या वेळी तो कुणाला सुचत नव्हता. यंत्र म्हणजे गिरणी, रेल्वे, छापखाना अशीच सगळ्यांची समजूत होती.

पहिली वस्तू निघाली ती कडबा कापण्याचे यंत्र. आपल्या सोलापूर भागातल्या माणसाला तिची महती सांगायला नको. ज्वारीचा कडबा आखाच्या आखा जनावरापुढे टाकला तर ते पाला खाते आणि बुडखा तुडवते. तोच बारीक कापून दिला तर वैरण वाया जात नाही. दुष्काळात चार पेंढ्यांची बचत म्हणजे एक बैल वाचला. चाकाला पाती लावलेले ते हाताने फिरवायचे यंत्र म्हणजे लक्ष्मणरावांची खरी पहिली परीक्षा होती आणि ते तीत उतरले.

दुसरी वस्तू १९०३ साली आली. ती म्हणजे लोखंडी नांगर. योगायोग असा, की याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात त्यांच्या मुलाचा, शंतनूचा, जन्म झाला. बापाचा नांगर आणि बापाचा उद्योग पुढे नेणारा मुलगा एकाच वर्षीचे.

लाकडी नांगर आणि लोखंडी नांगर यांत नेमका फरक काय, हे आता ट्रॅक्टरच्या काळात तरुणांना सांगावे लागेल. लाकडी नांगराचा फाळ जमीन चिरत जातो. माती दोन्ही बाजूंना सरकते, पण उलटी होत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकवलेला पत्रा असतो. तो मातीचे ढेकूळ उचलतो आणि पालथे घालतो. खालची माती वर येते, उन्हात भाजते. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या उघड्या पडून वाळून जातात. ज्या काळ्या रानात हरळी माजली म्हणून माणसे ते पडीक टाकत, ते रान या नांगराने पुन्हा वहितीखाली येऊ शकत होते.

असे नांगर विलायतेहून येत होते, पण महाग. फाळ झिजला की नवा पुन्हा सातासमुद्रापलीकडून आणायचा. लक्ष्मणरावांनी तो फाळ बेळगावात ओतायचे ठरवले. खरी अडचण इथेच होती. ओतीव लोखंड कडक केले तर दगडावर आपटून तुटते, मऊ ठेवले तर चार दिवसांत झिजते. कुठल्या भागाला किती कडकपणा द्यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. साचे फुकट गेले, भट्ट्या बिघडल्या. शेवटी नांगर जमला.

जमला, पण विकेना! लोखंडाने जमिनीला विष बाधते, रान नापीक होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. त्यात चूक कुणाची म्हणावी? ज्याचे वर्षभराचे पोट एका रानावर, तो त्या रानावर प्रयोग कशाला करू देईल? पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे गेली. दोन वर्षे म्हणजे काय, ते धंदा केलेल्या माणसालाच कळेल. माल पडून, भांडवल अडकलेले, कारागिरांची मजुरी दर आठवड्याला चुकती करायची. लक्ष्मणराव आणि त्यांची माणसे गावोगाव गेली. रानात नांगर धरून दाखवला. एकाने घेतला, त्याचे पीक शेजाऱ्याने बांधावरून पाहिले, मग शेजाऱ्याने घेतला. आपल्या मुलखात जाहिरातीचा हाच खरा मार्ग, तेव्हाही आणि आताही.

बेळगाव सुटले

बस्तान कुठे बसते न बसते तोच दुसरा तडाखा बसला. बेळगावात वसाहतीचा विस्तार करायचा म्हणून कारखान्याची जागा सोडण्याची नोटीस आली. दुसरी जागा विकत घ्यावी एवढा पैसा नाही. यंत्रे उचलून न्यायची कुठे? आज बेळगावात किर्लोस्करांच्या नावाचा रस्ता आहे. त्या दिवसांत मात्र त्यांना तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

या वेळी मदतीला आले ते औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार असलेला हा राजा लक्ष्मणरावांना ओळखत होता आणि औंधच्या बांधकामासाठी त्याने त्यांना बोलावलेही होते. त्याने संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि वर दहा हजार रुपये दिले. माळशिरसकरांना औंध संस्थान परके नव्हते. आपल्या दक्षिणेची आटपाडी तेव्हा औंधचीच होती.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून लोकांनी कपाळाला हात लावला असेल. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे लहानसे स्टेशन. त्याच्या शेजारी बत्तीस एकर माळ. पाणी नाही, सावली नाही. जिकडे तिकडे निवडुंग आणि त्यात नाग. मास्तरांचा हिशेब वेगळा होता. कच्चे लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, तयार नांगर जाणार रेल्वेने. पिकाऊ जमीन कारखान्याला काय करायची? स्टेशन हवे, ते होते.

१० मार्च १९१० रोजी तिथे कामाला आरंभ झाला. पंचवीसएक कामगार आणि त्यांची बायकामुले. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, विहीर खणायची आणि त्याच वेळी भट्टीही पेटवायची. वस्तीच्या आखणीचे, पाण्याचे, झाडांचे आणि स्वच्छतेचे काम रामूअण्णांनी अंगावर घेतले. परदेशातल्या कारखानदारांनी कामगारांसाठी टुमदार गावे वसवल्याचे लक्ष्मणरावांनी वाचले होते. तसे गाव आपणही वसवायचे, हे त्यांच्या मनात होते. तिकडे बिहारच्या जंगलात टाटांचे पोलादनगर उभे राहत होते, त्याच सुमाराला इकडे औंध संस्थानच्या उजाड माळावर नांगराचे गाव वसत होते. टाटांच्या मागे कोट्यवधींचे भांडवल होते. इथे एका राजाचे दहा हजार आणि पंचवीस बिऱ्हाडे.

पुढे त्या गावाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि स्टेशनही त्याच नावाचे झाले. आता ते सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

नापास मुलांचा कारखाना

किर्लोस्करवाडीची सगळ्यात विलक्षण गोष्ट यंत्रे नव्हेत, माणसे. लक्ष्मणरावांनी पदव्या पाहून माणसे घेतली नाहीत. शंभुराव जांभेकर शाळेच्या हिशेबाने फुकट गेलेले. ते कारखान्याचे नामांकित यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत अडखळलेले. त्यांनी व्यवस्थापन सांभाळले. मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची बाजू उचलली. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, तेही यंत्रविद्येत तयार झाले. रंग न ओळखता येण्यामुळे चित्रकलेतून बाहेर पडलेल्या माणसाला ठाऊक होते, की एका परीक्षेत नापास झालेला दुसऱ्या कामात पहिला येऊ शकतो.

त्याहून मोठे धाडस म्हणजे दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेली माणसे त्यांनी पहारेकरी म्हणून ठेवली. ज्यांच्या नावाने पंचक्रोशी दारे लावून घेई, त्यांच्या हाती वाडीच्या किल्ल्या दिल्या. त्यांनी विश्वासाला तडा जाऊ दिला नाही. पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली आणि तिचे नाव सर्वत्र गाजले. माणूस शिक्षेने नव्हे, विश्वासाने सुधारतो, हा विचार औंध संस्थानच्या मातीत त्याआधीच रुजला होता. शिवाशिवीला वाडीत थारा नव्हता. राहण्याच्या आणि काम करण्याच्या जागी तिच्या भिंती काढून टाकण्यात आल्या. १९१०-२० च्या काळात खेड्यात हे करणे किती कठीण होते, ते ज्याच्या त्याच्या घरातल्या जुन्या माणसांनी आठवून पाहावे.

तोफांचे फाळ

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले आणि लोखंड मिळेनासे झाले. कोळशाचाही तुटवडा पडला. विलायती नांगर येणे थांबले, म्हणजे बाजार मोकळा झाला. पण माल करायला धातूच नाही. अशा वेळी लक्ष्मणराव कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे गेले. पन्हाळगडावर जुन्या मोडक्या तोफा पडून होत्या. महाराजांनी त्या दिल्या. भट्टीत तोफा वितळल्या आणि साच्यातून नांगर बाहेर आले. ज्या लोखंडाने माणसे मारली, त्याने रान नांगरले जाऊ लागले. शाहू महाराज स्वतः शेतकऱ्याचे हित पाहणारे असल्यामुळे त्यांना या देवाणघेवाणीचे मोल कळले असावे.

युद्धाच्या वर्षांत किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्रभर गेला. त्याच्या जोडीला ऊस गाळण्याचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली, हातपंप आले. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. सुरुवात झाली ती कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी, आणि त्यातून मराठी घराघरांत वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिकेही निघाली. नांगराच्या कारखान्यातून साहित्य निघावे, ही गोष्ट जगात इतरत्र क्वचितच घडली असेल.

आपल्या तालुक्याकडे पाहिले तर याच काळात सगळे बदलत होते. नीरेच्या उजव्या कालव्याने माळशिरसच्या रानाला पाणी आणले. १९३० नंतरच्या दशकात माळीनगरला आणि श्रीपूरला साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. नीरेपलीकडे वालचंदनगर वसले. ऊस लावायचा म्हणजे रान खोल नांगरायला हवे. खोल नांगरट लोखंडाशिवाय होत नाही. आपल्या भागातली हिरवी शेते पाण्याने झाली, हे खरेच. पण पाण्याच्या आधी नांगर यावा लागतो.

पुढची पिढी आणि न मिळालेले बक्षीस

लक्ष्मणराव स्वतः पदवीधर नव्हते. पण यंत्रविद्या पुढे न्यायची तर तिचे शास्त्र शिकायला हवे, हे त्यांनी ओळखले. १९२२ साली मुलगा शंतनू आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पाठवले. माधव आजारी पडून परतला आणि पुढे वारला. घराला तो घाव मोठा होता. शंतनू १९२६ साली इंजिनिअर होऊन आले. त्याच सुमाराला वाडीत पंपांचे काम सुरू झाले. नांगरानंतर पाणी, हा क्रम शेतकऱ्याच्या गरजेनेच ठरवला.

सगळेच प्रयत्न फळाला आले असे नाही. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. चरखा खेड्यात चालावा, खेड्यात दुरुस्त व्हावा, स्वस्त असावा आणि सूत भरपूर निघावे. किर्लोस्करवाडीत मोठ्या कष्टाने चरखा तयार झाला. परीक्षकांनी तो तपासला आणि सर्व अटी पुऱ्या होत नाहीत असा निर्णय दिला. ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. वेळ गेला, पैसा गेला. लक्ष्मणराव पुढच्या कामाला लागले. आयुष्यभर साचे फुकट जाताना पाहिलेल्या माणसाला एक साचा वाया गेल्याचे दुःख किती दिवस करावे, ते माहीत असते.

काही काळ त्यांनी औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. १९४१ साली हरिहरला लेथ बनवणारी कंपनी निघाली. १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना आला. आपल्या विहिरींवर फट्-फट् करणारी इंजिने या पुण्याच्या कारखान्याने घरोघर पोचवली. लक्ष्मणराव आता वृद्ध झाले होते. कारभार मुलांच्या हाती होता.

आणि मग १९४८ आले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जी आग उसळली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. ज्या माळावरचा निवडुंग हातांनी तोडला, तिथे पुन्हा राख दिसली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. या वयात माणूस आयुष्याची जमा बाजू पाहतो. त्यांच्या वाट्याला जळालेली छपरे आली. वाडी सोडून द्यावी आणि पुण्या-बंगळूरच्या सुरक्षित जागी सारे हलवावे, असे वाटणे स्वाभाविक होते. पण कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला, भट्ट्या पुन्हा पेटल्या. आजही किर्लोस्करवाडीत पंप तयार होतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

घरातल्या प्रश्नाचे उत्तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलाला काय सांगावे? लक्ष्मणरावांचे नाव घेऊन त्याला खुशाल उडी मारायला सांगणे सोपे आहे, पण ते अर्धे सांगणे होईल. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या हातात कसब होते. वर्गाबाहेरच्या यंत्रशाळेत काळे केलेले हात होते. पाठीशी न कुरकुरता उभा राहणारा भाऊ होता. दोन वर्षे नांगर विकला गेला नाही तरी चूल पेटती ठेवणारी घरातली बाई होती. राधाबाईंचे नाव नांगरावर कोरलेले नाही, पण त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक नांगराचा एक फाळ त्यांचाही होता.

दुसरी गोष्ट अशी. ज्याचा रोज उपयोग होईल आणि ज्याला ते कळायला वेळ लागेल, अशा माणसासाठी त्यांनी वस्तू बनवली. तो शेतकरी अडाणी आहे म्हणून हसले नाहीत. लोखंड विषारी असते असे त्याला वाटले, तर त्याच्या रानात उभे राहून ते विषारी नाही हे दाखवून दिले. आपल्या तालुक्यातला मुलगा उद्या संगणकावर काही नवे घडवील, तेव्हा त्याच्या वडिलांना आणि चुलत्यांना ते समजेल का, त्यांच्या रानाला, दुधाला, बाजारभावाला त्याचा आधार होईल का, हे त्याने आधी पाहावे. बाकी मग त्याचे भांडवल आणि त्याचे नशीब.

आषाढात माउलींची पालखी नातेपुत्यावरून माळशिरसला येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पेरणीची वाट पाहणारी काळी राने पसरलेली असतात. वारकरी पुढे वेलापूरच्या वाटेला लागतात. त्या उलट्या झालेल्या मातीकडे मुद्दाम कुणी बघत नाही. बघायचे कारणही नाही. चांगल्या अवजाराची हीच ओळख, की ते कामात विरघळून जाते. गोठ्याजवळचा गंजका नांगर भंगारात घालण्यापूर्वी मात्र घरातल्या मुलांना एकदा त्याच्यावरचे नाव वाचून दाखवावे, आणि तो एका ड्रॉइंगच्या मास्तराने केला होता, एवढे सांगावे.